न पाहिलेल्यांची यादी

त्या शुक्रवारी, म्हणजे माझे वडील, आके, गेले त्याच्या आदल्या दिवशी, आमच्या घरापुढे एकच प्रश्न होता: उमुतचं तोंड अजून न पाहिलेलं एखादं तरी माणूस काराकोलमध्ये शिल्लक आहे का.

मला याची काहीच कल्पना नव्हती. समतने गुरुवारी बिश्केकला फोन करून एवढंच सांगितलं होतं, "एजे, आके तुझी फार आठवण काढतात. येऊन जा ना." एजे म्हणजे ताई, आणि माझा धाकटा भाऊ असा गोड बोलायला लागला की त्याला काहीतरी हवं असतं, हे तो चार वर्षांचा असल्यापासून मी ओळखते. तरी मी सकाळच्या पहिल्या टॅक्सीत मागची मधली सीट धरून निघाले. समतचा मुलगा उमुत आठ महिन्यांचा झाला होता आणि मी सख्खी आत्या असून त्याला पाहिलं नव्हतं.

त्यात उमुतचा दोष नव्हता. नवऱ्याचं घर सोडून मला दोन वर्षं झाली होती. लग्न होऊन गेलेली मुलगी आमच्याकडे पाहुणी असते. तिच्यासाठी चांगली गादी काढतात, मांसातला चांगला तुकडा तिच्या ताटात पडतो. नवरा सोडलेल्या मुलीला कोणत्या गादीवर बसवायचं हे मात्र कोणालाच नक्की ठाऊक नसतं. पाहुणी म्हणावं तर तिला परत जायला घर नाही, घरची म्हणावं तर तिच्या लग्नात सासरकडून आलेला घोडा विकून छपराला पत्रे घातलेले आहेत.

ग्रंथालयातली माझी नोकरी महिन्यापूर्वी गेली होती, तेही घरात कोणाला माहीत नव्हतं. माझ्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते. खोलीची किल्ली मात्र मी निघताना घरमालकिणीच्या हातात ठेवून आले होते. कोणी "राहा" म्हटलं तर राहायचं, नाही म्हटलं तर रविवारच्या दहाच्या गाडीने निघायचं, असं मी ठरवलं होतं. निघून कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं.

आके फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. गुडघ्यावर वही, कानावर पेन्सिल. बसस्थानकाचे कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, पण निवृत्ती ही त्यांच्या लेखी फक्त जागेची बदली होती. आधी ते खिडकीत बसायचे, आता फाटकात.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे? नाव, कुठून."

"आके, दिसतेय ना मी."

"दिसण्याचं काय आहे," ते म्हणाले.

हे मला पाठ होतं. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात ते एका लहान गावच्या स्थानकावर होते. आवारात गाडी उभी दिसली म्हणून त्यांनी वहीत 'आली' असं लिहिलं. ती कालची, बंद पडलेली गाडी होती. खरी गाडी वाटेत बर्फात अडकली होती आणि वहीत ती आलेली असल्यामुळे सकाळपर्यंत तिला शोधायला कोणी गेलं नाही. माणसं वाचली, पण त्या दिवसापासून चालकाने खिडकीपाशी येऊन "आलो" म्हटल्याशिवाय आकेंनी एकही गाडी आलेली धरली नाही. पुढे तोच नियम घराला लागला. शाळेतून आलं तरी फाटकात उभं राहून "बुरुल, शाळेतून, आले" म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर अपा, माझी आई, चहा ओतायची आणि आके तो स्वतः प्यायचे.

"दोन दिवसांसाठी आलेय," मी म्हटलं. "पाहुणी म्हणून. रविवारी दहाच्या गाडीने जाईन."

आकेंनी वही उघडली, माझं नाव लिहिलं, आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबले. "म्हणजे थांबा आहे," ते म्हणाले. "पोच नाही."

त्यांनी वही मिटली. मी आत गेले.

दारात समत आडवा आला. "एक मिनिट, एजे. आधी चहा घे." त्याच्या मागे त्याची बायको बेगिमाय उभी होती. तिच्या कडेवर गाठोडं होतं आणि गाठोड्यावर खिडकीचा जाळीदार पडदा. पडदा आतून कोणीतरी चोखत होतं.

"हे काय?"

"उमुत," बेगिमाय म्हणाली.

"काय झालंय त्याला?"

"काही नाही, एजे. फुकट दिसू नये म्हणून."

ते प्रकरण मला चहाच्या तीन पेल्यांत समजलं. लग्नानंतर दोन वर्षं ही दोघं दर शुक्रवारी बाहेर जायची. समत मोबाइल दुरुस्त करतो, बेगिमाय दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायची. पगार झाला की आधी शुक्रवारांचे पैसे बाजूला निघायचे, मग बटाट्यांचा विचार व्हायचा. एका शुक्रवारला दोन हजार चारशे सोम: जेवण बाराशे, गाण्याच्या खोलीचे आठशे, टॅक्सीचे दोनशे, आणि दोनशे भांडण झालं तर वेगळ्या टॅक्सीने यायला. हा शेवटचा आकडा बेगिमायचा. धाकटा मुलगा आईवडिलांजवळच राहतो, तेव्हा त्या घरात नवराबायकोला आवाज चढवायची हक्काची जागा म्हणजे शुक्रवारच.

उमुत झाला. चाळीस दिवस बाळ कोणाला दाखवायचं नाही, ते पाळलं. चाळीस दिवस संपले, पण शुक्रवार परत आला नाही. बेगिमायचा पगार थांबला होता आणि बाळ सांभाळायला अपाला सवड नव्हती. महिन्यातले दोन शुक्रवार अपाची भिशी असते, शाळेतल्या बारा मैत्रिणींची, कॅफेत, नाचासकट. उरलेले दोन शुक्रवार भिशीच्या तयारीत जातात. म्हणून एकदा दोघं चिडून बाळाला घेऊनच कॅफेत गेली आणि तिथे तो शोध लागला.

बाळाचं तोंड पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, हे कोरुमदुक. रिकाम्या हाताने कोणी पाहत नाही. वाढणाऱ्या मुलीने शंभर ठेवले, गाण्याच्या खोलीच्या मालकाने पाचशे, समतच्या एका वर्गमित्राने नव्या बायकोसमोर कमी दिसू नये म्हणून हजार. असे अकरा जण निघाले. दोन हजार चारशे घेऊन गेलेली माणसं जेवून, गाऊन, टॅक्सीने तीन हजार शंभर घेऊन परत आली.

आकेंनी हे ऐकलं आणि पेन्सिल कानावरून काढली. "सगळ्यांनी एकाच दिवशी पाहिलं, तर पुढच्या शुक्रवारी काय?"

त्यांनी यादी केली. गावातली न पाहिलेली माणसं त्र्याऐंशी. दर शुक्रवारी चार, दोन मोठी आणि दोन किरकोळ, म्हणजे उरलेली थंडी निघते. बाबागाडी कोणत्या रस्त्याने न्यायची, कोणत्या वळणावर पडदा पाडायचा, बाजारात कोणाच्या दुकानासमोर थांबायचंच नाही, याचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. तिसऱ्या महिन्यात गल्लीला पत्ता लागला. लोक बाबागाडी दिसली की रस्ता ओलांडू लागले. कोपऱ्यावर मक्सिम हे पेय विकणारी मक्सिमवाली तर डोळे मिटून बसायची. "मी काही पाहिलं नाही. दोन ग्लास ना? थांबा, अंदाजाने ओतते."

"आणि मागच्या शुक्रवारी यादी संपली," समत म्हणाला. "शेवटचे दवाखान्याचे डॉक्टर होते. त्यांनी टूथब्रश दिला."

"त्याला दात आहेत?"

"दोन येतायत," बेगिमाय म्हणाली. "पण टूथब्रशवर कॅफेत काही मिळत नाही, एजे."

"म्हणून मला चारशे किलोमीटरवरून बोलावलंत."

समत तळलेला बोरसोक जामात बुडवत राहिला. "आठवणही काढतात आके. खोटं नाही ते."

अपा आतून केसांना गुंडाळ्या लावून आली. आज भिशीत तिची पाळी होती, चोवीस हजारांची. "आत्या आहेस तू," ती बसता बसताच म्हणाली. "आत्याने खरं तर मेंढी द्यायची. पण टॅक्सीत मेंढी कशी आणणार, म्हणून तुला सूट. पाच हजार पुरे."

"तू एक दिवस घरी थांबलीस तर हे दोघं बाळाशिवाय साधं जेवून येतील. कोणाचंच काही अडणार नाही."

"आणि माझे चोवीस हजार काय पायी चालत येतील?"

"त्यातले दोन यांना दे."

"त्या पैशांत मी दात बसवणार आहे. चारचौघींत हसायला गेलं की हात तोंडावर न्यावा लागतो मला."

"अपाचे सगळे शुक्रवार अपाचे," समत मला म्हणाला, म्हणजे तो तेवढ्यात माझ्या बाजूला आला होता.

"मग कोणाचे असणार? चाळीस वर्षांत तुझ्या आकेंनी मला एकदा बाहेर नेलंय. बालिक्चीपर्यंत. बस रिकामी जात होती म्हणून."

"परतही आणलं होतं," आके दारातून म्हणाले. ते कधी आत आले कोणाला कळलं नव्हतं.

बेगिमाय इतका वेळ पडद्याच्या झालरीशी खेळत होती. सासूकडून काही निघणार नाही हे दिसल्यावर ती सासूच्या बाजूला सरकली. "अपा म्हणतात ते बरोबर आहे. आत्याचं कोरुमदुक मोठंच असतं. पण आके, तुमच्या यादीत एजेचं नावच नाही. मी तीनदा पाहिली. पाच हजारांचं माणूस तुम्ही कसं विसरलात?"

"विसरलो नाही," आके म्हणाले. "घरच्यांची नावं त्या यादीत नसतात. तुझं आहे का? तुझ्या सासूचं, कुलीपाचं, आहे का?"

"ती घरची कशी?" अपा सहज म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती तेव्हा एक गुंडाळी सोडवत होती. "लग्न करून दिलंय तिला. घोडा घेतलाय आपण."

पत्र्यावर मांजर चालल्याचा आवाज आला, आणि ते घोड्याचेच पत्रे होते.

तेव्हा मी जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अपाने मला पाहुणी म्हटलं याचा राग मी आकेंवर काढला. इतक्या महिन्यांत त्यांनी गावातल्या मक्सिमवालीचं नाव लिहिलं, दातांच्या डॉक्टरांचं लिहिलं, आणि माझं लिहिलं नाही, एवढंच मला ऐकू आलं होतं. पाकिटात पाच हजारांची एकच नोट होती. ती मी टेबलावर ठेवली.

"घ्या. पाहुणीचा दर."

"घरच्या माणसाचं तिकीट फाडत नाहीत, बुरुल," आके म्हणाले.

"मग यादी करणाऱ्याने ते आधी कळवायचं होतं."

बेगिमायने पडदा वर केला. गोल, लाल, लाळेने चकचकीत चेहरा. त्याने माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं, माझा चष्मा ओढला आणि काडी तोंडात घातली. सगळे हसले. आके हसले नाहीत. ते नोटेकडे पाहत होते. बंद पडलेल्या गाडीकडे पाहावं तसे.

नोट समतने खिशात घातली आणि घर पूर्ववत झालं. पाच हजारांचा शुक्रवार त्यांना कधीच मिळाला नव्हता. आता मुद्दा वेगळा होता. "उमुतला कशाला न्यायचं?" समत म्हणाला. "तो आता कमवत नाही."

म्हणून आठ महिन्यांत पहिल्यांदा ती दोघं बाळाशिवाय निघाली. अपा अर्धा तास आधीच गेली होती. फाटकात समतने "समत, बेगिमाय, कॅफेत, निघालो" असं म्हटलं, आकेंनी वेळ लिहिली. बेगिमायने मला चौदा सूचना दिल्या, कोपऱ्यावरून परत येऊन पंधरावी दिली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण बेगिमायने ते मला इतक्यांदा सांगितलंय की त्या टेबलावर तिसरी खुर्ची माझीच होती असं वाटतं.

खिशात पाच हजार असून तिला काय मागवावं कळेना. इतके दिवस ती मेनूकार्डाकडे नाही, दाराकडे बघायची. कोण येतंय, पाहिलेलं की न पाहिलेलं. आज दाराकडे बघण्याचं कारण नव्हतं, तरी मान वळत होती. त्यांच्या टेबलाशी कोणी आलंही नाही. उमुतशिवाय ती दोघं म्हणजे नुसती दोन माणसं होती.

"कुरदाक मागवू?" समत म्हणाला.

"मागव. त्याला कांदा चालत नाही पण. मी खाल्ला की त्याच्या पोटात दुखतं."

"आज उमुतबद्दल बोलायचं नाही."

"बरं."

मग ती दोघं अकरा मिनिटं गप्प बसली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं म्हणून तिला आकडा माहीत आहे. पलीकडे अपाची भिशी रंगात आली होती. साठी उलटलेल्या बारा बायका, मध्ये अपा, एक हात तोंडावर आणि दुसरा हवेत, अशी नाचत होती. बेगिमायला वाटलं, आपलं लग्न बहुतेक शुक्रवारशीच झालं होतं. आता शुक्रवार उरला नाही, तर समोर बसलेला हा माणूस कोण?

नाचता नाचता अपा त्यांच्या टेबलाशी येऊन थांबली. "काय गं, फारकत घेताय का? एका घरात एक पुरे."

बेगिमाय हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की तिचा ब्लाऊज पुढून ओला झाला आहे. दुधाची वेळ झाली होती. तिने शाल पुढे ओढली. "मी इथे बसलेय, पण माझं अर्धं अंग घरी पोचलंसुद्धा," ती समतला म्हणाली. समतनेही हसून जाकीट काढून दिलं. तेराशे पन्नास बिल झालं. भांडणाच्या टॅक्सीचे दोनशे वाचले.

टॅक्सीत समत म्हणाला, "एक सांगू? यादी संपली ते बरं झालं. इतके शुक्रवार तू माझ्याशी बोललीच नाहीस. गिऱ्हाइकांशी बोलत होतीस."

"तू तरी कुठे? तू नोटा मोजत होतास."

"पुढच्या शुक्रवारी आपण नुसतं बागेतल्या तळ्यापर्यंत चालत जाऊ. सूर्यफुलाच्या बिया घेऊन. वीस सोम."

"तीस," ती म्हणाली. "मला वेगळी पुडी."

घरी तेवढ्या वेळात उमुत दोनदा रडला आणि आकेंनी दोन्ही वेळा त्याला थांबे म्हणून दाखवले. हे अंगाईगीत त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. खिडकीतला तो आवाज, जरा हळू: काराकोल, त्युप, अनान्येवो, ग्रिगोर्येव्का, चोलपोन-अता, बालिक्ची, तोकमोक, बिश्केक. बिश्केकला पोचल्यावर ते नेहमी थोडं थांबायचे, चालकाला चहा प्यायला वेळ द्यावा तसे, आणि मग उलट म्हणायला लागायचे. बिश्केक, तोकमोक, बालिक्ची. लहानपणी मी परतीच्या फेरीत चोलपोन-अताच्या पुढे कधीच जागी राहिले नाही.

उमुतही तिथेच झोपला. आके तरी काराकोलपर्यंत म्हणत गेले.

"रविवारची दहाची ना?" ते म्हणाले.

"हो."

"दहाच्या गाडीला गर्दी असते."

"बसायला मिळेल. मी एकटीच आहे."

"सोमवारी कमी असते. मंगळवारी तर अजिबात नसते." ते उमुतच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले. "तसं बघितलं तर बुधवारीही."

माझ्या जिभेवर आलं होतं. किल्ली दिलीय आके, एवढंच म्हणायचं होतं. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत. त्यांतल्या माणसांना अशा वेळी दोन-दोन पानं बोलताना पाहून मी समासात रेघा मारल्या आहेत. मी म्हटलं, "तिकडे काम आहे, आके."

"हो, हो. काम असणारच," ते म्हणाले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि ते वही घेऊन उठले. समत-बेगिमाय आली होती. अपा सव्वा तासाने गात आली आणि फाटकात उभी राहून "कुलीपा, कॅफेतून, चोवीस हजारांसकट, आले" असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. आके तिला म्हणाले, "हळू. पैसे सांगायची गरज नसते." माझ्या ऐकण्यातलं त्यांचं हे शेवटचं वाक्य.

सकाळी सातला ते फाटक उघडायला गेले. अपा चहाला बोलवायला गेली तेव्हा बाकावर बसलेले होते. दिसत होते.

दुपारपर्यंत अंगणात लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला. आकेंना आत पडद्यामागे ठेवलं. आम्ही बायका शोकाचे निळे कपडे घालून, दाराकडे पाठ करून बसलो. बाहेर समत कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मोठ्याने रडत होता. माणसं आली की आत कोशोक हा विलाप म्हणायचा असतो, गेलेल्याला उद्देशून, सूर लावून. बायकोने म्हणायचा, मुलीने म्हणायचा. अपा म्हणत होती. ती शोक करत होती की भांडत होती ते सांगणं अवघड होतं. लोकांच्या गाड्या एकतीस वर्षं वेळेवर सोडल्यास, स्वतः मात्र खिडकीत न सांगता निघालास. बालिक्चीपर्यंत नेलंस, पुढचा रस्ता नंतर दाखवीन म्हणालास. आता मी दात बसवून कोणासमोर हसू. शेजारणी रुमाल तोंडाला लावून रडत होत्या, आणि त्यातल्या काही जणी हसत होत्या.

नारिनहून नातेवाईक आले. त्यांनी उमुतला कधी पाहिलं नव्हतं. दोन मोठ्या गाड्या भरून न पाहिलेली माणसं. आकेंना मे महिन्यापर्यंत पुरली असती. बेगिमाय बाळाला घेऊन तंबूच्या कडेला उभी होती आणि सवयीने तिचा हात पडद्याकडे गेला. मग तिने तो पडदा काढला, चुरगाळून खिशात कोंबला, आणि उमुतला उंच धरला. "बघा," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघा. आज फुकट."

आकेंची म्हातारी चुलत बहीण तिच्यापाशी गेली आणि रडत रडत दोनशेची नोट उमुतच्या मुठीत खुपसू लागली. "आजोबा गेला म्हणून मी कोरुमदुक बुडवू का? मला नावं ठेवशील तू." बेगिमाय नको म्हणत होती, म्हातारी घे म्हणत होती, उमुत नोट चघळत होता. समतने काठीवरून मान वर करून ते पाहिलं आणि त्याचा रडण्याचा सूरच बदलला. मग तो आत वाकला आणि त्याने माझ्या मांडीवर आकेंची वही ठेवली. "जाकिटात होती. मला वाचवत नाही. तू बघ."

शेवटचं पान कालचं होतं. अक्षर नेहमीचं, उभं.

कुलीपा: निघाली ६.१०. आली १०.२०, गात.
समत, बेगिमाय: निघाले ६.४०. आले ९.०५, हसत.
उमुत: घरी.
बुरुल:

पुढे काही नव्हतं. पेन्सिल टेकवून ठेवल्याचा एक ठिपका होता. तो जरा जाड होता, बऱ्याच वेळा टेकवल्यासारखा.

"बुरुल," मागून मावशीने कोपर मारलं, "मुलगी आहेस तू. एक शब्द तरी म्हण. लोक काय म्हणतील?"

ग्रंथालयात असताना मी कोशोकांचं एक अख्खं बाड तपासलं होतं. चारशे बारा कोशोक, गावांच्या नावांसकट. त्यातला एकही मला आठवला नाही. अपा थांबली होती. बाहेरचे पुरुषही थांबले होते. मी दाराकडची पाठ तशीच ठेवून पडद्याकडे तोंड केलं. सूर मला लागत नाही, म्हणून मी साध्या आवाजातच म्हटलं. पण मोठ्याने, खिडकीपलीकडे ऐकू जाईल असं.

"आके, बुरुल. बिश्केकहून. आले." मग पुढचंही म्हटलं. "राहायला आले, आके. किल्ली देऊन आलेय मी."